तीन पातळ्यांचं चूलबंद आवतण

सृष्टीच्या लग्नात चार हजार एकशे सोळा माणसं जेवली, आणि पत्रिकेवर निमंत्रक म्हणून ज्या माणसाचं नाव छापलं होतं त्याला लग्नाचं आमंत्रणच नव्हतं.

हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजावं. मखमलाबादच्या गामणे मळ्यात तसंच समजतात. कुणी विचारलंच तर सांगतात की लग्न बाराशे पानांचं ठरलं होतं, बाराशे पानं उठली, आचारी भला माणूस होता आणि ऊनही बेताचं होतं. तेव्हा आपणही काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पहिल्यापासून सुरू करू.

ज्ञानेश गामणे हा सृष्टीचा थोरला भाऊ. नाशकात एका कंपनीत तो बॅकएंडचं काम करतो. बॅकएंड म्हणजे काय, हे त्याने घरात सात वर्षांत अकरा वेळा समजावून सांगितलं होतं. शेवटी आईने, शकुबाईंनी, ते आपल्या परीने मिटवलं. "म्हणजे लग्नातल्या आचाऱ्यासारखं. पंगतीत कुणाला दिसत नाही, पण मीठ कमी पडलं की शिव्या त्यालाच." ही व्याख्या ज्ञानेशला इतकी पटली की पुढल्या मुलाखतीत त्याने ती इंग्रजीत सांगितली. नोकरी मिळाली नाही, पण व्याख्येत चूक काढता आली नाही कुणाला.

वडील खंडेराव, घरात अप्पा. झेंडू आणि शेवंती लावतात. अप्पांकडे एक वही आहे, आणि तिच्यात गामणे घराण्याचं सगळं सोयरपण आहे. दर पानावर एक चूल. चुलीच्या नावापुढे कुंकवाचा भरलेला गोल असेल तर आवतण चूलबंद, म्हणजे लग्नाच्या दिवशी त्या घरात चूल पेटायचीच नाही. तिच्यावर जेवणारं एकूण एक माणूस लग्नाला यायचं. अर्धा गोल म्हणजे घरटी एक. नुसता ठिपका म्हणजे पत्रिका पाठवायची. आलात तर ठीक, नाही आलात तर जास्त ठीक. अशा एकंदर दोनशे बारा चुली.

दोनशे तेरावी चूल मळ्यातच होती, अप्पांच्या ओट्यापासून चाळीस पावलांवर. ती मल्हारीकाकांची, अप्पांच्या थोरल्या भावाची. तिचं पान वहीत होतं, पण त्याच्यापुढे गोल नव्हता, अर्धा गोल नव्हता, ठिपकाही नव्हता. दोन्ही भावांच्या वाटण्यांमधल्या बांधावर एक जांभळाचं झाड आहे. सहा वर्षांपूर्वी त्याची एक फांदी छाटली गेली. कुणी छाटली याबद्दल दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतं चाळीस पावलांच्या अंतरावर राहतात. तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नाही.

पत्रिकेचा विषय निघाला त्या दिवशी सृष्टीने ज्ञानेशला झेंडूच्या शेडमागे गाठलं. ती सिन्नरला शाळेत शिकवते आणि घरातही फळ्यासमोर उभं राहिल्यासारखंच बोलते.

"मला काका हवेत लग्नात. लहानपणी मी त्यांच्याच खांद्यावर बसून मळा फिरलेय. बाकी कुणी नाही आलं तरी चालेल."

"मग अप्पांना सांग."

"मी सांगितलं तर अप्पा नाही म्हणतील, आणि नाही म्हटल्यावर ते नाहीच होईल. तू कर काहीतरी. सात वर्षं मागे बसून लोकांना वाढतोयस ना, घरच्यांना एकदा वाढ."

ज्ञानेश हा वडिलांशी सरळ बोलणाऱ्यांतला माणूस नाही. आमच्याकडची मुलं वडिलांशी आईमार्फत बोलतात, आणि कॉम्प्युटर शिकलेली मुलं कॉम्प्युटरमार्फत. म्हणून त्या दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं की अप्पांची वही तो मोबाइलवर घेणार. मग पत्रिका आपोआप जातील, कोण येणार हे आपोआप मोजलं जाईल, आणि मागच्या लग्नात घोटीच्या साडूला विसरल्यासारखं होणार नाही. साडूचं नाव निघताच अप्पांनी ताटातच हात थांबवला. तो साडू अजून भेटला की "आम्ही काय, ठिपक्यातले" असं म्हणतो.

"कर," अप्पा म्हणाले. "पण वहीत हाय तेवढंच. एक मानूस जास्त नाय, एक कमी नाय."

आता ज्ञानेशची युक्ती सांगायला हवी, कारण ती युक्ती होती असं तो आता कबूल करत नाही.

वहीत लेकीबाळींची गंमत होती. लग्न झालं की लेक माहेरच्या चुलीतून खोडली जायची आणि सासरच्या पानावर "सौ." होऊन बसायची. तिथे तिला नाव नसायचं. ज्ञानेशने ठरवलं की हा अन्याय आहे. त्याच्या व्यवस्थेत प्रत्येक बाई दोन्ही चुलींत पूर्ण माणूस म्हणून राहील, सासरच्याही आणि माहेरच्याही. चूल मागितली की चुलीतली माणसं यावीत, बाई आली की तिची दुसरी चूलही आत गुंडाळून यावी. विचार उदात्त होता. त्यामागे एक लहानसा अनुदात्त हिशोब होता, तो असा: चंद्रभागा आत्या कळवणला दिलेली. तिच्या चुलीपुढे कुंकवाचा भरलेला गोल. आत्या आली की तिचं माहेर येणार, आणि तिच्या माहेरात मल्हारीकाका बसलेले. काकांना ना अप्पांनी बोलावलं, ना ज्ञानेशने. व्यवस्थेनेच बोलावलं. व्यवस्थेवर रागावून कोण काय करणार? लाइट जाते तेव्हा आपण वायरमनच्या घरी जातो का? जातो, पण तो घरी नसतो.

ज्ञानेशने सगळी वही भरली, चुलींना लिंक पाठवून त्यांचे सोयरे आणि त्या सोयऱ्यांचे सोयरे भरून घेतले, आणि एका रविवारी सकाळी यादी मागितली. लॅपटॉपचा पंखा ऊसतोडणीच्या ट्रॅक्टरसारखा वाजायला लागला. यादी काही येईना. व्यवस्था आत्याकडे गेली, आत्याच्या माहेरी आली, माहेरी तिला आत्या भेटली, म्हणून ती पुन्हा आत्याकडे गेली. नाशिक ते कळवण अशा तिने पाऊण तासात किती खेपा मारल्या त्याला गणती नाही. एसटीने इतक्या खेपा वर्षात केल्या तर लोक पेढे वाटतील.

ज्ञानेशने तिला बजावलं की ज्या घरी एकदा जाऊन आलीस तिथे पुन्हा जायचं नाही. हा नियम खरं तर पाहुण्यांसाठीही बरा आहे. मग ती शहाण्यासारखी पुढेच गेली. आत्याच्या सुनेच्या माहेरी, तिथून त्यांच्या विहिणीकडे, तिथून मालेगावला, जिथे गामण्यांचं कुणी राहतं हे गामण्यांनाही माहीत नव्हतं. थांबली तेव्हा आकडा होता एक्केचाळीस हजार सातशे तीन. त्यात व्याह्यांच्या गावचे सरपंच दोन वेळा होते, कारण त्यांची दोन लग्नं झाली होती. एका लग्नाबद्दल दुसऱ्या चुलीला ठाऊक नव्हतं, ते ज्ञानेशला ठाऊक झालं.

सल्ल्यासाठी तो शेजारच्या सोनवणे नानांकडे गेला. नाना निवृत्त तलाठी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अजून कुणी नमस्कार केला तरी ते आधी तारीख विचारतात.

"नाती मोकळी सोडायची नसतात, ज्ञानेश," नाना चष्मा पुसत म्हणाले. "मी वारसनोंदी केल्यात आयुष्यभर. एका माणसाला ओढलं की मागून गाव येतं. मर्यादा घाल. दोन पायऱ्या, फार तर तीन. पुढचं 'व इतर' लिहून टाकायचं."

"'व इतर' मध्ये खरी माणसं असतात ना, नाना."

"असतात. पण ती अर्ज करत नाहीत."

ज्ञानेशने दोन पायऱ्या घालून पाहिल्या. आत्या आली, आत्याचं घर आलं, काका बाहेर. तीन घातल्या. काका आत आले, आणि त्यांच्या मागून तीन पायऱ्यांवरचे सगळेच आत आले. चार हजार आणि काही. ज्ञानेशने त्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग स्वतःला समजावलं की लोक काही इतक्या दुरून येत नसतात. ही समजूत ज्या माणसाने करून घेतली तो नाशिक जिल्ह्यात जन्मला आहे, हे लक्षात घेतलं तर तिची खोली कळते.

अप्पांना मोबाइलवर दिसायच्या फक्त दोनशे बारा चुली. प्रत्येकीशेजारी एक बारीक बाण. बाणावर बोट ठेवलं की आतलं उघडतं. अप्पा बाणाला हात लावत नसत. "न विचारता कुनाच्या घरात डोकावू नाय," हे त्यांचं तत्त्व होतं, आणि ज्ञानेशची सगळी मदार त्याच तत्त्वावर होती.

पहिला अपघात शकुबाईंकडून झाला. त्यांचं माहेर घोटीचं. भावाचा फोन नंबर बदलला होता, म्हणून त्यांनी घोटीची चूल उघडली, भावाचा नंबर दुरुस्त केला आणि जतन करा म्हटलं. व्यवस्थेने पाहिलं, चुलीत एकाच माणसाची माहिती आली आहे. म्हणजे उरलेली अकरा माणसं आता नाहीत. तिने ती काढून टाकली. शकुबाईंचा जन्म, आईवडील, भावजय, दोन भाचे आणि पोळ्याला बैल सजवला तेव्हा काढलेला सगळ्यांचा फोटो, सगळं गेलं.

"माझं माहेर पुसलंस?" शकुबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं.

"आई, जे पाठवलं नाही ते उरलं नाही, असं धरते ती."

"तुझ्या आजीला मी सहा महिन्यांत भेटायला गेले नाही. म्हणून ती उरली नाही का?"

यावर बॅकएंडच्या पुस्तकांत उत्तर आहे, पण ते आईला देण्यासारखं नाही. ज्ञानेशने आदल्या दिवशीच्या प्रतीवरून घोटी परत आणली आणि दोन दिवस मुकाट्याने बिनसाखरेचा चहा प्यायला, कारण साखर घालणारं माणूस बोलत नव्हतं.

दुसरा अपघात बाणाचा. पत्रिका पाठवायच्या दिवशी सकाळी अप्पा ओट्यावर बसून मोबाइल पाहत होते. बोट जाड, बाण बारीक. शेवंतीच्या रोपाला धरतात तसं त्यांनी तो बाण दोन बोटांत धरायचा प्रयत्न केला आणि कळवणची चूल उघडली. आत आत्या. आत्याच्या आत माहेर. माहेराच्या पहिल्या ओळीत मल्हारी.

अप्पा ज्ञानेशला म्हणाले, "हे काढ."

सृष्टी दारातच उभी होती. तिने ज्ञानेशकडे पाहिलं. ज्ञानेशने लॅपटॉपकडे पाहिलं. त्याच्यासारखी माणसं कठीण प्रसंगी नेहमी लॅपटॉपकडे पाहतात. लॅपटॉपने आजवर कुणाला वाचवलेलं नाही. त्याने काकांचं नाव निवडलं आणि काढून टाकलं.

काका गेले. पण आजोबांच्या मूळ चुलीचे प्रमुख म्हणून काकांची नोंद होती, आणि प्रमुख गेला की त्याच्या आतलं सगळं जातं, हा नियम ज्ञानेशने स्वतःच कधीतरी घाईत घातला होता. डोळ्यांदेखत ओळी गळत गेल्या. अप्पांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"ज्ञानेश, मी कुठाय?"

"अप्पा, तुम्ही काकांच्या आत होतात."

"आत म्हंजे?"

"एकाच चुलीत. आजोबांच्या. तुमच्याखाली आई, मी, सृष्टी."

सृष्टीने पुढे होऊन पत्रिकेचा नमुना उघडला. "आमच्या येथे श्रीकृपेकरून चि. सौ. कां." आणि पुढे कोरी जागा. नवरामुलगा मात्र शाबूत होता, त्याची चूल पलीकडची. "छान," ती म्हणाली. "नवरदेव एकटाच लग्न करतोय. मी बघायला जाऊ का?"

 अप्पा उठून आत खिडकीशी गेले. खिडकीतून जांभूळ दिसतं, आणि जांभळाच्या पलीकडे काकांचं पत्र्याचं छप्पर.

ज्ञानेशने पुन्हा आदल्या दिवशीची प्रत लावली. माणसं परतली: सृष्टी, आई, अप्पा, तो स्वतः, आणि अर्थातच मल्हारीकाका, कारण काकांशिवाय बाकीचे परतत नव्हते. हे त्याने मोठ्याने सांगितलं नाही. फक्त निमंत्रकाची जागा रिकामी राहिली होती, तीही त्याच्या लक्षात आली नाही.

"माझं नाव आलं का?" अप्पांनी विचारलं.

"आलं."

"इकडं दे. बघतो." मोबाइल घेऊन अप्पा झेंडूच्या शेडमध्ये गेले आणि दहा मिनिटांनी आले. मोबाइलवर पिवळी बोटं उमटली होती. "पाठव," ते म्हणाले. काकांबद्दल एक शब्द नाही.

पत्रिका गेल्या.

अर्ध्या तासात कळवणहून आत्याचा फोन. चाळीस वर्षं तिकडे राहून तिची भाषा तिकडची झाली आहे. "हाऊ काय परकार शे? निमंत्रक मल्हारी? तुम्ही दोघे बोलाया लागले आन मला कुनी सांगितलं नाय?"

ज्ञानेशने पत्रिका उघडून पाहिली. खाली ठळक अक्षरांत: निमंत्रक, श्री. मल्हारी बाळाजी गामणे. त्याला एकदम आठवलं, त्याने एक नियम लिहिला होता: निमंत्रकाची जागा रिकामी असेल तर मूळ चुलीचा प्रमुख तिथे घ्यावा. तो नियम लागू झाला असणार. झालेल्या चुकीचं कारण सापडलं की चूक अर्धी माफ होते, निदान कंपनीत तरी. तो ते कारण पाठ करत बसला.

तोवर मल्हारीकाकांचा फोन तापला होता. घोटी, सिन्नर, मालेगाव, जिथून म्हणून गामण्यांची पोरगी दिली किंवा आणली होती तिथून माणसं विचारत होती. अण्णा, सहकुटुंब ना? अण्णा, दोन जीप आणतो, जागा आहे ना? नुसतं निमंत्रण आलं असतं तर काका गेले नसते, हे नक्की. पण निमंत्रक कसा जाणार नाही? स्वतःच्या सहीने लोक बोलावून आपण घरी बसायचं, असं मखमलाबादच्या इतिहासात कुणी केलेलं नाही. बाकी बरंच काही केलेलं आहे, पण हे नाही.

संध्याकाळी उन्हं उतरताना काका चाळीस पावलं चालून आले. टोपी घालून, कोर्टात जातात तसे. ओट्याच्या पहिल्या पायरीशी थांबले आणि शकुबाईंना म्हणाले, "शकुबाई, त्यांना विचारा, बाराशे पानांत इतकी मानसं कशी बसवायची म्हनून."

अप्पा आतून शकुबाईंना म्हणाले, "निमंत्रकाला ठाऊक."

"त्यांना सांगा, निमंत्रकाला कुनी इचारलं होतं का."

"त्यांना सांग, आमचं काय नाय. व्यवस्थेनं केलंय."

शकुबाई दोघांच्या मधे सुपातले तांदूळ निवडत बसल्या होत्या. "तांदूळ तीन पोती आहेत," त्या म्हणाल्या. "आता काय ते दोघं मिळून तांदळाला सांगा."

काका पहिल्या पायरीवर बसले. त्याहून वर आले नाहीत, पण गेलेही नाहीत. म्हणाले, "शेजारच्या वस्तीवर भगोनी हायेत. माझ्या चुलीवर वरण होईल."

आणि तसंच झालं. लग्नाच्या दिवशी लॉन्सच्या मांडवात आचाऱ्याने हात टेकले, तेव्हा मखमलाबादेतल्या एकेक घरी निरोप गेला. ज्या लग्नासाठी चुली बंद ठेवायच्या, त्या लग्नासाठी गावातल्या झाडून सगळ्या चुली पेटल्या. सोनवणे नाना गेटवर खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला कोणत्या नात्याने आलात म्हणून विचारून नोंद करत राहिले. त्यामुळेच आकडा नक्की आहे. मालेगावहून आलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, "नातं नाही माहीत, बाबा. पत्रिका आली, मान दिला." त्याला नानांनी "व इतर" मध्ये घातलं. तो दोन वेळा जेवला. माइकवाल्याने मान्यवरांची नावं घ्यायला सुरुवात केली ती मंगलाष्टकांपुरती थांबली, कारण मुहूर्त थांबत नाही. नंतर पुन्हा जिथे सोडली तिथून सुरू झाली.

सृष्टी मांडवात येताना काकांच्या शेजारून आली. एका बाजूला अप्पा, दुसऱ्या बाजूला काका. एकमेकांशी बोलत नव्हतेच. पण तिच्या डोक्यावरून अप्पा एकदा म्हणाले, "वरणात मीठ कमी हाय." काका म्हणाले, "मला वाटलंच." सहा वर्षांतलं पहिलं सरळ वाक्य.

लग्नानंतर ज्ञानेशने व्यवस्था बंद करायला उघडली. जाता जाता तो निमंत्रकाचा नियम बघायला गेला. नियम लिहिलेला होता, पण चालू केलेलाच नव्हता. सहा महिने चालू केलेला नव्हता. त्याने नोंदी काढल्या. निमंत्रकाच्या जागी मल्हारी बाळाजी हे नाव, पत्रिका पाठवायच्या दिवशी सकाळी, खंडेराव यांच्या मोबाइलवरून, हाताने घातलेलं. आधी तीन वेळा चुकीचं टाइप करून पुसलेलं. बाणाला हात न लावणाऱ्या माणसाने.

ज्ञानेशने लॅपटॉप मिटला आणि याबद्दल कुणाला काही विचारलं नाही. तो मुलगाच होता, चौकशी समिती नव्हता.

पुढच्या आठवड्यात दोघे भाऊ मात्र सोनवणे नानांच्या ओट्यावर बसलेले दिसले, मधे एका माणसाची जागा सोडून. नाना डोकं हलवत होते. "असं होत नाही खंडेराव. एक झाड दोन ठिकाणी पूर्ण लागत नसतं. अर्धं-अर्धं लावता येईल."

"अर्धं नको," अप्पा म्हणाले.

"लेकींना जसं लावलं मोबाइलमदी, दोन्हीकडं पूर्ण, तसं," काका म्हणाले.

नानांनी तारीख विचारली, आणि स्वतःच लिहिली. अर्जाचा मजकूर असा:

प्रति, मा. तहसीलदार साहेब, नाशिक. विषय: जांभळाच्या झाडाची नोंद होण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की आम्हां अर्जदार भावांच्या सामाईक बांधावर असलेलं जांभळाचं एक झाड श्री. मल्हारी यांच्या सातबाऱ्यावर पूर्ण एक, व श्री. खंडेराव यांच्या सातबाऱ्यावरही पूर्ण एक असं लावण्यात यावं. दोन्ही मिळून झाड एकच धरावं. आणि त्याची फांदी पूर्वी कोणी छाटली याची चौकशी कोणत्याही पातळीवर करण्यात येऊ नये. कळावे.